वाल्किरी घरी आणायची तर

पहिल्यांदा हातात घेणाऱ्याच्या तोंडून आधी "अरे, जड आहे!" निघतं आणि पाठोपाठ, "याचा रोबो कसा करायचा?" इथे त्याचा हात धरावा लागतो. डायकास्ट वाल्किरी म्हणजे एका अ‍ॅनिमे विमानाचं, धातू साच्यात ओतून केलेलं छोटं मॉडेल; तिचा रोबो होत नाही. ती विमान म्हणून घडवलेली आहे आणि विमान म्हणूनच राहणार. हे ठाऊक नसल्यामुळे हिरमुसलेले लोक मी पाहिलेत, आणि कुणीतरी पाय ओढून पाहिल्यामुळे हळहळणारे मालकही. म्हणून दुकान, किंमत, ऑफर हे सगळं नंतर. सुरुवात विमानापासून करू.

आधी विमान ओळखा

व्हीएफ-१ वाल्किरी हे 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतलं लढाऊ विमान. मालिका ३ ऑक्टोबर १९८२ ला जपानी टीव्हीवर सुरू झाली आणि जून १९८३ मध्ये ३६ भागांवर संपली. विमान रेखाटलं शोजी कावामोरी यांनी. त्यांच्या डोळ्यासमोर अमेरिकन नौदलाचं एफ-१४ टॉमकॅट होतं हे कुणी सांगायची गरज नाही. मागेपुढे सरकणारे पंख, दूर दूर ठेवलेली दोन इंजिनं, त्यांच्यामधली सपाट पाठ, मागे शेपटाच्या दोन उभ्या पाती. आपल्याकडे शाळेतून आल्यावर दप्तर फेकून 'स्वॅट कॅट्स' बघणाऱ्या पिढीला हा तोंडवळा लगेच ओळखीचा वाटेल. त्यातलं टर्बोकॅट विमानही त्याच घराण्यातलं.

वाल्किरीची खरी करामत तिच्या तीन रूपांत आहे: फायटर म्हणजे पूर्ण विमान, बॅट्रॉइड म्हणजे पूर्ण रोबो, आणि मधलं गरवॉक, ज्यात विमानाला हातपाय फुटतात. इंजिनांची लांब नळकांडी खाली वळली की तेच पाय होतात, धूर सोडणारं नॉझल म्हणजे पाऊल, आणि रोबोचं डोकं विमान असताना पोटाखाली लपलेलं असतं. डायकास्टमध्ये यातलं काहीच हलत नाही, तरीही हे माहीत हवं. कारण मॉडेल चांगलं आहे की नाही हे ठरवायला पहिली नजर पोटाखालीच टाकायची.

तिथल्या डोक्यावर लेसरच्या नळ्या असतात. त्या मोजा. एक नळी असेल तर व्हीएफ-१ए, म्हणजे सर्वसामान्य वैमानिकांचं विमान. दोन असतील तर व्हीएफ-१जे, किंवा दोन आसनांचं प्रशिक्षणाचं व्हीएफ-१डी. चार असतील तर व्हीएफ-१एस, तुकडीच्या म्होरक्याचं. नवखा माणूस रंग बघून विमान ओळखतो, मुरलेला माणूस उलटं करून नळ्या मोजतो. जाहिरातीत 'एस' लिहिलंय आणि फोटोत दोनच नळ्या दिसतायत, तर विक्रेत्याला विचारायला लाजू नका.

रंगांचंही सांगतो, कारण पहिली खरेदी शेवटी रंगावरच होते. पांढऱ्या अंगावर काळेपिवळे पट्टे आणि शेपटीवर कवटी, ते मालिकेतल्या रॉय फोकर या वैमानिकाचं व्हीएफ-१एस, स्कल तुकडीचं. ही कवटी कावामोरींच्या मनातून नुसती उगवलेली नाही. अमेरिकन नौदलाच्या व्हीएफ-८४ या तुकडीच्या टॉमकॅटवर काळी शेपटी आणि तिच्यावर पांढरी कवटी आणि हाडं असायची. 'जॉली रॉजर्स' म्हणून ती तुकडी जगभरच्या विमानवेड्यांना पाठ आहे. पांढऱ्यावर लाल पट्टे म्हणजे नायक हिकारू इचिजोचं व्हीएफ-१जे. निळं मॅक्सचं, लाल मिलियाचं. तपकिरी-पिवळसर व्हीएफ-१ए ही बिनचेहऱ्याची गर्दी, जी मालिकेत भराभर फुटते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तीच सगळ्यात देखणी, पण हे मत मी फारसं कुणाला पटवू शकलेलो नाही.

दोन नावं, एकच विमान

शोधायला बसलात की पहिला गोंधळ इथे होतो. १९८५ मध्ये ही मालिका आणखी दोन वेगळ्या मालिकांशी जोडून अमेरिकेत 'रोबोटेक' या नावाने दाखवली गेली. तिथे हिकारूचा रिक हंटर झाला, मॅक्सला स्टर्लिंग हे आडनाव मिळालं, मिलियाची मिरिया झाली. जपानबाहेरच्या हक्कांवरून जपानची बिग वेस्ट आणि अमेरिकेची हार्मनी गोल्ड यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालला. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्यात समझोता जाहीर झाला. त्यामुळे तेच पांढरं-लाल विमान एका खोक्यावर मॅक्रॉस असतं, दुसऱ्यावर रोबोटेक. सिंगापूरच्या कॅलिबर विंग्ज या कंपनीने १/७२ मापात, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, काढलेल्या डायकास्ट वाल्किरी रोबोटेकच्या नावाने आल्या. तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाका, पात्राचीही दोन्ही नावं टाका. अर्धे लोक एकाच नावाने शोधतात आणि "मिळतच नाही" म्हणतात.

डायकास्ट, खेळणं की किट

वाल्किरी तीन प्रकारांत मिळते आणि तिन्हींचे चाहते एकमेकांना नाक मुरडतात.

एक, प्लॅस्टिकचं किट. हासेगावा या जपानी कंपनीची १/७२ किट प्रसिद्ध आहेत. कापा, घासा, चिकटवा, रंगवा. आकार सगळ्यात अचूक, पण महिनाभराचे रविवार लागतात आणि घरात थिनरचा वास येतो.

दोन, रूप बदलणारं खेळणं. १९८२ मध्ये ताकातोकूने १/५५ मापाची वाल्किरी काढली. ती कंपनी १९८४ मध्ये बुडाली, पण तो साचा काही मेला नाही. १९८५ मध्ये तेच खेळणं ट्रान्सफॉर्मर्समधला 'जेटफायर' बनून अमेरिकेत विकलं गेलं. आज या जातीत बांदाईची १/४८ डीएक्स चोगोकिन वगैरे येतात. चोगोकिन म्हणजे 'महामिश्रधातू'; 'माझिंगर झेड' या अ‍ॅनिमेतल्या काल्पनिक धातूचं नाव, जे १९७४ पासून खेळण्यांना मिळालं. या खेळण्यांत सांधे पुष्कळ असतात, म्हणून फायटर रूपात ती किंचित सैल आणि जाडसर दिसतात.

तीन, आपलं डायकास्ट. रंगवलेलं, तयार, एकाच रूपात घट्ट. धातू कोणता? लोक लोखंड समजतात. तो असतो झमॅक: मुख्यतः जस्त, त्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि थोडं तांबं. जस्त ४२० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतं, म्हणून पोलादी साच्यात दाबाने ओतणं सोपं जातं आणि बारीक रेषाही उमटतात. प्लॅस्टिकच्या सहापट जड. मात्र सगळं विमान धातूचं कधीच नसतं. अंग आणि पंखांचा मोठा भाग धातूचा, तर नाकाचं टोक, क्षेपणास्त्रं, अँटेना, चाकांचे पाय, लेसरच्या नळ्या प्लॅस्टिकच्या. "शंभर टक्के मेटल" असं कुणी लिहिलं असेल तर तो माणूस एकतर विमान न बघता लिहितोय किंवा तुम्हाला बघून.

कोणतं घ्यायचं हे एकाच प्रश्नावर सुटतं: रोज येताजाता तुम्हाला ती कुठल्या रूपात बघायची आहे? उत्तर "विमान" असेल तरच पुढे वाचा.

फडताळ मोजा

कथेतल्या माहितीनुसार फायटर रूपातली व्हीएफ-१ ही १४.२३ मीटर लांब. भागिले ७२ करा, साधारण २० सेंटिमीटर येतात. पंख पूर्ण पसरले की रुंदीही तेवढीच, वीसेक. म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढी लांब आणि तेवढीच रुंद. खरं एफ-१४ सुमारे १९ मीटरचं, त्याच मापात साडेसव्वीस सेंटिमीटर. दोन्ही शेजारी ठेवायची हौस पुढे येतेच, तेव्हा आत्ताच टेप लावून बघा. स्टँडवर विमान तिरकं चढतं ठेवायचं तर उंचीला आणखी पंधराएक सेंटिमीटर मोकळे हवेत. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांपुढे उरलेल्या चार बोटं जागेत हे विमान बसत नाही. बसवलंच तर पहिली 'ययाति' काढताना ते खाली येतं.

विकत घेताना

भारतात बसून घेणाऱ्याला हे बहुतेक बाहेरून मागवावं लागतं, आणि तिथे हिशोब चुकतो. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुमचं पार्सल कस्टमवाले नेमकं कुठल्या सदरात घालतात त्यावर प्रत्यक्ष आकडा ठरतो, पण बजेट मांडताना किंमत अधिक पाठवणी अधिक भरघोस ड्यूटी असंच धरा. "गिफ्ट लिहून पाठवतो" म्हणणाऱ्या परदेशी विक्रेत्याला प्रेमाने नाही म्हणा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत, आणि वाल्किरी दोन्हींत मोडत नाही. अमेरिकेतून किंवा सिंगापूरहून येणारा मावसभाऊ हा अजूनही उत्तम मार्ग आहे, फक्त त्याला सांगा की खोका केबिन बॅगेत, आणि बिल खिशात.

सेकंडहँड घेत असाल तर हे फोटो मागा. पोटाचा. पंख जिथे अंगात शिरतो त्या फटीचा, एकदा पंख पुढे असताना आणि एकदा मागे असताना. कवटीचा अगदी जवळून. चाकांच्या पायांचा. आणि खोक्यातल्या सगळ्या सुट्या भागांचा एकत्र. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. एकदा मी घाईत तो मागितला नाही. विमान झकास आलं, पण स्टँडवर अडकवायची बोटभर पट्टी नव्हती. विक्रेता म्हणाला, "ती तुमच्याकडेच सांडली असेल." मग तारेचा आकडा करून विमान टांगलं. वर्षभर ते पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू गोल फिरायचं, अशुभ घारीसारखं.

कवटीचा फोटो का? या खुणा स्टिकर नसतात. सिलिकॉनच्या मऊ गादीने शाई उचलून ती रंगावर दाबतात, त्याला टॅम्पो छपाई म्हणतात. पांढऱ्यावर काळा, काळ्यावर पुन्हा पांढरा असे थर बसवताना गादी केसभर सरकली की कवटीच्या डोळ्याला पांढरी किनार दिसते. हा दोष प्रत्येक नगात वेगळा असतो, म्हणून कंपनीच्या जाहिरातीतला फोटो बघून समाधान मानू नका. तुमच्याच नगाचा बघा. दोन बाजूंच्या पट्ट्यांची उंचीही ताडून पाहा. केसभराचं सोडून द्या. दोन हात लांबून दिसत नसेल तर तो दोष नाही.

जुनं मॉडेल असेल तर आणखी एक धोका: जस्ताचा रोग. मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धी राहिल्या की दमट हवेत धातूच्या कणांमधल्या सीमा आतून गंजतात, धातू फुगतो, तडे जातात, शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांत हे फार दिसतं, पण नंतरच्या मालातही क्वचित. रंगाखाली फोड, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे किंवा वाकलेला पंख दिसला तर किंमत कितीही उतरू दे, घेऊ नका. यावर औषध नाही.

खोका उघडताना

पलंगावर किंवा गादीवर बसून उघडा. जमिनीवर नको, टेबलावर तर मुळीच नको, लहानसा भाग घरंगळतो आणि फरशीला लागतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. नाजूक कॉटनचे हातमोजे छान दिसतात पण त्यांचा धागा अँटेनात अडकतो, मी वापरत नाही.

प्लॅस्टिकच्या ट्रेमधून विमान काढताना नाक धरू नका, पंख धरू नका. दोन्ही इंजिनांच्या मधली पाठ आणि पोट, तिथे अंगठा आणि दोन बोटं. वजन तिथेच आहे. काढण्याआधी ट्रेचे तीन फोटो घ्या, कारण परत भरताना कुठला भाग कुठल्या खळग्यात होता हे देवालाही आठवत नाही.

लेसरची नळी किंवा अँटेना वाकडी आली असेल तर घाबरू नका. मऊ प्लॅस्टिक असतं. भाग सुटा होत असेल तर चहा पिण्याजोग्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा, लगेच थंड पाण्यात टाका. सुटा होत नसेल तर तसाच राहू द्या.

आता माझा गाढवपणा. पहिल्याच वाल्किरीची अँटेना नाकाजवळ तुटली. घरात झटपट चिकटणारा गोंद होता. थेंब लावला, अँटेना बसली, मी खूश. सकाळी बघतो तर कॉकपिटच्या पारदर्शक काचेवर आतून दुधासारखी पांढरी साय. त्या गोंदाची, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटची, वाफ गुळगुळीत प्लॅस्टिकवर बसून अशी साय धरते, आणि आत बोट जात नाही. आत बसलेला इवलासा वैमानिक आजही धुक्यात आहे. पारदर्शक भागाच्या आसपास सुताराचा पांढरा गोंदच वापरा. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा. रात्रभर लागतो सुकायला, पण सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतो.

पंख आणि चाकं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात.

पंख हलवताना टोक धरून ओढू नका. टोकापासून पंख ज्या खुंटीवर फिरतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे लांब तरफ. थोडा जोर लावला तरी खुंटीवर मोठा ताण येतो. पंखाच्या मुळाशी, अंगापासून अर्ध्या बोटावर धरा आणि हळू सरकवा. काही मॉडेलांत दोन्ही पंख आतून दातेरी चाकांनी जोडलेले असतात, एक हलला की दुसरा आपोआप हलतो. म्हणून पहिल्यांदा एकच पंख केसभर सरकवा आणि दुसऱ्याकडे बघा. तो हलला तर दोन्ही हातांनी एकदम सरकवा. अडलं तर थांबा. आत रंगाचा कण असतो, मागेपुढे दोनतीनदा केलं की सुटतो. पंख घासून रंग जाऊ नये म्हणून हा खेळ रोज खेळू नका. एक स्थिती ठरवा आणि ठेवा.

ती कुठली? इथे खऱ्या टॉमकॅटकडे जावं लागतं. एफ-१४ चे पंख संथ उडताना, उतरताना, उड्डाण घेताना २० अंशांवर पसरलेले असायचे, वेगात ६८ अंशांपर्यंत मागे जायचे, आणि विमानवाहू जहाजाच्या डेकवर जागा वाचवायला ७५ अंशांपर्यंत दुमडायचे. वाल्किरीचं तर्कशास्त्र तेच. म्हणून:

चाकं बाहेर, पंख पसरलेले: उडतंय किंवा उतरतंय. स्टँडवर नाक किंचित वर करून ठेवा.

चाकं बाहेर, पंख दुमडलेले: डेकवर उभं आहे. स्टँड नको, सरळ फळीवर.

चाकं आत, पंख मागे: पूर्ण वेगात. कवटीच्या बाजूला किंचित कलतं करा, म्हणजे शेपटी दिसते.

स्टँडवर, चाकं बाहेर आणि पंख पूर्ण मागे, हे मात्र कुठल्याच क्षणाचं चित्र नाही. दहातल्या निम्म्या घरांत मी नेमकं हेच पाहतो.

फळीवर चाकांवर उभं करायचं असेल तर दोन गोष्टी. पाय प्लॅस्टिकचे आणि वजन धातूचं, त्यामुळे वर्षभरात पाय फाकतात. पोटाखाली खोडरबराचा तुकडा किंवा आगपेटी ठेवून भार तिच्यावर घ्या. दुसरं, चाकांचं रबर मऊ असेल तर त्यातला तेलकट अंश रंगवलेल्या फळीवर काळा डाग सोडतो. चाकांखाली पारदर्शक कागदाचे छोटे तुकडे पुरतात.

पावसाळा

काचेचं दार असलेलं कपाट घ्या, पण समोरच्या खिडकीतून थेट ऊन नको; पांढरा रंग पिवळा पडतो आणि वाल्किरीचं सौंदर्य पांढऱ्यातच आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या घ्या, कधी वाळवायच्या ते कळतं. दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर वाळवतात काही जण. मी ओव्हनमध्ये वाळवतो, कारण तव्यावरून घरात एकदा बोलणी खाल्ली आहेत.

आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. साड्यांना चालतात, पण नॅप्थलिनची वाफ काही प्लॅस्टिक मऊ करते, कॉकपिटची काच चिकट होते.

धूळ झटकायला गालांना लावायचा मऊ ब्रश, नवा कोरा. नाकाकडून शेपटीकडे, खाली पसरवलेल्या कापडावर. काच पुसायचे फवारे, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट यांतलं काहीही टॅम्पोच्या कवटीला लागलं तर कवटी बोळ्यावर येते. बोटाचा ठसा राहिला असेल तर कोमट पाण्यात किंचित ओलं केलेलं चष्म्याचं कापड, आणि लगेच कोरडं.

खोका

तो टाकू नका. पुढे विकायचं झालं तर खोक्याशिवाय किंमत चांगलीच उतरते, आणि घर बदलताना त्या ट्रेइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. पण आत स्पंज असेल तर तो काढून वेगळा ठेवा. दमट हवेत स्पंज काही वर्षांत चिकट होऊन विघटतो आणि रंगाला धरतो. ट्रे, सुटे भाग, चाकांचा दुसरा जोड, स्टँडची ती बोटभर पट्टी, सगळं चेनच्या पिशवीत घालून पिशवीवर मार्करने विमानाचं नाव लिहा. मग खोका माळ्यावर, पण भिंतीला टेकवून नको. पावसात ओल भिंतीतून येते.